लडाखला कधी जायचं?
(१९९४च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि तीस वर्षांनी भेटूनही पहिल्या मिनिटाला एकमेकांना टोपणनावानेच हाक मारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय छापला आहे. संयोजकांची माफी मागून मी तो बदलते. त्या संधी आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मला बोलायचं आहे ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन महिने चाललेल्या भांडणाबद्दल.

ज्या गुरुजनांना आम्ही त्या ग्रुपवर घेतलेलं नाही (ते त्यांच्याच भल्यासाठी आहे), त्यांना थोडक्यात सांगते. दहावीला तीस वर्षं झाली म्हणून पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, सगळ्यांनी मिळून लडाखला जायचं ठरलं. कुठे जायचं यावर एका दिवसात एकमत झालं, हे आमच्या वर्गाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. मग प्रश्न आला, कधी? मतदान झालं. मे महिन्याला २३ मतं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याला ९, आणि ‘कधीही चला, पण चला’ म्हणणारे ४, जे तसेही कुठेच येत नाहीत. मग एका मित्राने कार्यक्रमच टाकला. मे महिना, सात दिवस, विमानाने जायचं, विमानाने यायचं. पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा, चौथ्या दिवशी पँगाँगला मुक्काम. त्याखाली ३५ अंगठे उमटले.

छत्तिसावा अंगठा माझा होता, तो मी दिला नाही. कारण असाच कार्यक्रम मी एकदा स्वतः आखला होता. अगदी असाच.

मे २०१२. बाबा गेल्यानंतर दोन वर्षं आई कुठे बाहेर पडली नव्हती. तिला बर्फ बघायचा होता. ‘थ्री इडियट्स’ येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि त्या निळ्या तळ्याचा फोटो ज्याच्या-त्याच्या घरात होता. मला सात दिवसांची रजा मिळाली, तीही बरीच कटकट करून. मी पडले सॉफ्टवेअरवाली. एक्सेलची शीट केली. तास, किलोमीटर, खर्च, कोणत्या दिवशी कोणता गोंपा, सगळं रंगवून. त्या शीटमध्ये एकही मोकळी चौकट नव्हती आणि मला त्याचा अभिमान होता.

सकाळी आठ वाजता लेहला उतरलो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. लेह ३,५०० मीटर. मध्ये एक दिल्ली आणि एक रात्र. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे एका श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. गाडी घेऊन आलेले लडाखी ड्रायव्हरदादा म्हणाले, “मॅडम, आज और कल कुछ नहीं. सिर्फ आराम, और पानी.” मी त्यांना माझी शीट दाखवली. ते हसले आणि गप्प बसले.

संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो. दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला. तिथली जुनी पाटी १८,३८० फूट सांगते, प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड १७,५८२ फूट भरते. आईला त्या आठशे फुटांच्या सवलतीचा काही फायदा झाला नाही. तिचं डोकं दुखत होतं. ती म्हणाली, प्रवासाने दुखतंय. आपल्या आया असंच म्हणतात. नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, तिथे तिला बरं वाटलं आणि मला वाटलं, झालं, सवय झाली. पिशवीत लिंबू, आलेपाक आणि कापराची पुरचुंडी होतीच. कापराबद्दल एक सांगून टाकते, कारण ग्रुपवर तीन जणांनी तो सुचवलाय. कापूर हुंगल्याने नाकाला गार वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही.

चौथ्या रात्री पँगाँगच्या काठावर स्पांगमिकला होतो. उंची ४,२५० मीटरच्या आसपास. अकराच्या सुमारास आईला कोरडा खोकला लागला. मग तिला आडवं पडवेना. ती गादीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होती आणि तिच्या छातीतून हुक्क्यासारखा गुरगुर आवाज येत होता. मी घड्याळ बघत होते. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज सांगायची लाज वाटते. मी म्हणत होते, सकाळ होऊ दे, मग बघू.

नवऱ्याने ड्रायव्हरदादांना उठवलं. त्यांनी दारातून आईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “अभी निकलना है.”

आता इथली मेख ऐका, कारण ती नकाशावर दिसत नाही. उंचीचा त्रास झाला की एकच खात्रीचा इलाज, खाली उतरायचं. पण पँगाँगहून लेहला उतरायचं म्हटलं, तर आधी चांग ला चढावी लागते. ती ५,३६० मीटर. म्हणजे तळ्यापेक्षाही अकराशे मीटर वर! फुप्फुसात पाणी होत असलेल्या माणसाला घेऊन तुम्ही खाली निघता, आणि रस्ता तुम्हाला आधी वर नेतो. आम्ही तांगत्सेच्या आरोग्य केंद्रापर्यंत आलो, तिथे तिला प्राणवायू लावला, आणि सिलिंडर मांडीवर घेऊन पहाटे चांग ला ओलांडली. खिंडीत सैनिकांनी चहा दिला. तो मी प्याले का नाही, आठवत नाही.

लेहच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, “पहिले दोन दिवस काय केलं?” मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवसांनी आई विमानात बसण्याइतकी बरी झाली आणि आम्ही परत आलो. आज ती ७५ वर्षांची आहे, ठणठणीत आहे, पण लडाखचं नाव काढलं की म्हणते, “मी पाहिलंय लडाख. रात्री पाहिलंय.” मी आज इथे काय बोलणार हे तिला सांगितलं, तेव्हा तिने एक निरोप दिलाय. “पोरांना म्हणावं, रात्री खोकला लागला तर सकाळची वाट बघू नका.”

तुम्ही म्हणाल, यात मे महिन्याचा काय दोष? थंडी बेताची होती, आकाश स्वच्छ होतं. बरोबर आहे. पण मे आम्ही का निवडला ते बघा. शाळांना सुट्टी म्हणून मे. मे म्हणून तिकिटं महाग. तिकिटं महाग आणि रजा कमी म्हणून सातच दिवस. सातच दिवस म्हणून विमान. विमान म्हणून एका सकाळीत तीन हजार मीटर. प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते आणि शेवटची पायरी स्पांगमिकला जाते. त्यात मे महिन्यात दुसरा मार्गही धड नसतो. मनालीकडचा रस्ता कधी मेच्या मध्याला, कधी जून उजाडल्यावर उघडतो. श्रीनगरकडचा त्याआधी उघडतो, पण जोजी लावर बर्फाच्या भिंती, चिखल आणि गाड्यांच्या रांगा. म्हणजे महिना ठरवला की वर कसं चढायचं हेही ठरून जातं. ग्रुपवर आपण हवामानाचे तक्ते टाकतोय. मुद्दा तिथे नाहीच.

त्यानंतर मी तीनदा लडाखला गेले. फेब्रुवारी २०१५, ऑगस्ट २०१७ आणि सप्टेंबर २०१९. चूक झाली की तिची मुळं शोधत बसायचं, ही आमच्या धंद्यातली खोड. नवरा याला खोड म्हणत नाही, दुसरा शब्द वापरतो.

आधी ऑगस्टबद्दल, कारण भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, नववीत तुम्ही फळ्यावर सह्याद्रीचा उभा छेद काढला होता. डाव्या बाजूला ढग, मध्ये महाबळेश्वर, उजव्या उतारावर माण तालुका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. पर्जन्यछायेचा प्रदेश. मी तो छेद पाठ केला, मार्क मिळवले आणि विसरले. लेहला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या माणच्या एक पंचमांश! छेद तोच, फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय. म्हणून आपल्याकडे धो धो चालू असताना तिथे कडक ऊन असतं, आणि म्हणून सगळ्या माहितीपत्रकांत जुलै-ऑगस्टला उत्तम काळ म्हटलेलं असतं.

अर्धं खरं आहे. लडाख कोरडा, पण तिथे जाणारे रस्ते कोरडे नाहीत. मनालीकडचा पहिला टप्पा पावसाच्याच बाजूला आहे, दरडी कोसळतात. शिवाय उन्हाने बर्फ वितळतो आणि दुपारनंतर ओढे फुगतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पार केलेला ओढा संध्याकाळी गाडी वाहून नेऊ शकतो. म्हणून तिथले चालक पहाटे निघा म्हणून मागे लागतात. ते आपल्याला उगाच लवकर उठवत नाहीत. आणि जिथे पाऊस पडतच नाही असं गृहीत धरून घरं बांधली आहेत, मातीच्या विटा, सपाट धाबी, तिथे पडला तर काय होतं हे ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री दिसलं. लेहवर ढगफुटी झाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. चोगलमसरला मी सात वर्षांनी गेले तेव्हाही लोक गाळ कुठपर्यंत आला होता ते भिंतीवर हात ठेवून दाखवत होते.

यंदा, म्हणजे २०२४ च्या जुलैअखेरीस, आणखी एक गोष्ट झाली. लेहची विमानं उकाड्यामुळे रद्द झाली. हवा तापली की विरळ होते. लेहला ती मुळातच विरळ, त्यात तापली की विमानाच्या पंखांना पुरेशी उचल मिळत नाही आणि इंजिनाचीही ताकद घटते. विमानतळावर अडकलेल्यांत आपल्या ग्रुपमधलं एक कुटुंब होतं. त्यांनी तेव्हा काय काय लिहिलं ते इथे शिक्षकांसमोर वाचून दाखवत नाही.

डिसेंबरवाल्या नऊ जणांनो, आता तुमच्याकडे वळते. तुमची भूमिका मला कळते. वर्षअखेरीला रजा उरलेल्या असतात. आणि हिवाळ्यातला लडाख मला स्वतःला सगळ्यांत आवडला, हे आधीच कबूल करते. फेब्रुवारीत मी ज्या घरी राहिले तिथे नळ नव्हता. म्हणजे नळ होता, पण नळातलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून नोव्हेंबरातच ते काढून टाकलं होतं. सकाळी बादलीतला बर्फाचा थर उलथन्याने फोडायचा. रात्री पारा शून्याखाली पंधरा. पण घरातल्या आजींना वेळ होता. उन्हाळ्यात लडाखी माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. शेत, जनावरं आणि आपल्यासारखे पाहुणे, सगळं चार-पाच महिन्यांत उरकायचं असतं. हिवाळ्यात सगळे बुखारीभोवती बसतात. लोसर, म्हणजे त्यांचं नववर्ष, डिसेंबरच्या सुमारास येतं, आणि स्पितुकचा गुस्तोर साधारण जानेवारीत. मुखवटे घातलेल्या लामांचा नाच बघायला सगळं गाव जमतं. त्यांची जत्रा थंडीत, जशी आपल्याकडे सुगी उरकल्यावर. हेमिसचा मोठा उत्सव मात्र जून-जुलैत, आणि तिथे पर्यटकच जास्त दिसतात.

पण ३६ जणांनी डिसेंबरात जाऊ नये. बरीचशी हॉटेलं बंद असतात, जी उघडी असतात त्यांचं पाणी आणि सरपण मोजकं असतं. बंद खोलीत बुखारी पेटती ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, हे आपल्या अंगवळणी नाही. शिवाय थंडीने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला दाब वाढतो, आणि माझ्या आईला जे झालं ते व्हायची शक्यता वाढते. हिवाळ्यात त्याच उंचीवर हवेचा दाबही थोडा कमीच असतो. आणि रस्ते बंद, म्हणजे पुन्हा विमान, पुन्हा एका सकाळीत तीन हजार मीटर. गोठलेल्या झांस्कर नदीवरून चालण्याचा, ‘चादर’चा, प्रस्ताव ज्याने मांडलाय तो शाळेत असताना वार्षिक क्रीडास्पर्धेतल्या शंभर मीटरला मध्येच बसला होता, हे मी सरांच्या नजरेस आणून देते.

एप्रिलचा उल्लेख कुणी केला नाही. एप्रिलमध्ये जर्दाळू फुलतात. शाम खोऱ्यात, दाह-हनूकडे, तिकडे तुर्तुकला. उघड्या तपकिरी डोंगराखाली पांढऱ्या-गुलाबी फुलांचा एक पट्टा. मी फोटोतच पाहिलंय. मुलांच्या परीक्षा संपल्यावर कधी जमलं तर जाईन.

मे महिन्याबद्दल एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती आपल्या तब्येतीची नाही. लडाखात पेरणीची वेळ एप्रिल-मे. नेमकं तेव्हाच पाणी नसतं, कारण वरच्या हिमनद्या जूनमध्ये नीट वितळू लागतात. चेवांग नोर्फेल नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने यासाठी गावांच्या वर छोटे बांध घालून हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गोठवून ठेवायला सुरुवात केली. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी पाइपने आणून, रात्रीच्या थंडीत कारंज्यासारखं उडवून बर्फाचे उंच शंकू उभे केले. बर्फाचा स्तूप. शंकूला ऊन लागायला पृष्ठभाग कमी, म्हणून तो मेपर्यंत टिकतो आणि नेमका पेरणीला वितळतो. इतकी यातायात ज्या पाण्यासाठी, ते पाणी मे महिन्यात आपण हॉटेलच्या शॉवरखाली वापरतो. आपण दुष्काळी तालुक्याच्या शेजारची माणसं आहोत. टँकरची वाट बघणं आपल्याला माहीत आहे. माझं मत एवढंच की पुरेसं पाणी असेल तेव्हा पाहुण्याने जावं.

म्हणजे राहिला सप्टेंबर. २०१९ साली मी सप्टेंबरात गेले आणि दहा दिवस कुणी घाई केली नाही, मीसुद्धा नाही. जवाची कापणी होऊन मळणी चालू होती. धाब्यांवर जर्दाळू वाळत घातलेले, शेंदरी चौकोन, डोंगरावरून बघितलं तर गावभर गोधडी पसरल्यासारखी. ओढ्यांचं पाणी उतरलेलं. उन्हाळ्यात चहाच्या रंगाची असणारी झांस्कर निवळत चाललेली. महिनाअखेरीला पॉप्लरची झाडं पिवळी पडायला लागतात. दुपारी लेहमध्ये स्वेटर लागत नाही, रात्री दोन रजया लागतात. गर्दी ओसरलेली असते पण हॉटेलं अजून उघडी असतात, आणि दोन्हीकडचे रस्ते चालू असतात.

रस्ते चालू असतात, हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. मात्र मनालीहून जायचं नाही. तो रस्ता देखणा आहे, पण मनाली २,०५० मीटर आणि पहिल्या मुक्कामाला लोक थेट सरचूला जातात, ४,२९० मीटर. विमानाने जाऊन जो घोटाळा होतो तोच गाडीने करायचा, वर पाठदुखी. श्रीनगरहून जायचं. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७०० च्या आसपास, कारगिल २,६७६, अल्ची ३,१००, मग लेह ३,५००. वाटेत जोजी ला आणि फोटू ला या खिंडी लागतात, पण त्या चढून उतरायच्या, तिथे झोपायचं नाही. डॉक्टर जे सांगतात त्याचं सार हेच आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते शरीर मोजतं.

यात जिमला जाणाऱ्यांना सवलत नाही. दम चांगला असणं आणि उंची मानवणं यांचा फारसा संबंध नसतो. उलट धडधाकट माणूस जास्त धावपळ करतो आणि आधी आडवा होतो. आपल्यात दोघांना स्टेंट आहे, मधुमेह आणि रक्तदाबवाले तर मोजायलाच नकोत, एकीला दमा आहे. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरकडे जावं, आणि उंचीसाठी जी गोळी देतात ती ग्रुपवर वाचून घेऊ नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं. मेडिकलच्या दुकानात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर जाऊ नये. आणि पहिल्या रात्रींची जी बैठक काही मंडळींनी मनात योजली आहे, ती परतीच्या वाटेवर करावी.

आता तारखा. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे. सर्वपित्री अमावास्या २१ ला, आणि २२ ला घटस्थापना. म्हणजे गणपती बुडाले आणि घट बसायचे आहेत, यामधला पंधरवडा. मला माहीत आहे, आता मागच्या रांगेतून ‘पितृपक्षात?’ असा आवाज येणार. आला. या पंधरवड्यात आपल्याकडे लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, सोन्याची खरेदी नाही. नातेवाईक बोलावत नाहीत आणि आपणही कुणाला बोलावत नाही. तीस वर्षांत एकदा सगळ्यांना एकत्र काढायचं तर यापेक्षा रिकामा पंधरवडा मला पंचांगात सापडला नाही. ज्यांच्या घरी म्हाळ आहे त्यांनी तिथी सांगा, तेवढे लोक दोन दिवस मागून येऊन लेहला थांबतील. दरवर्षी हे जमतंच असं नाही. अधिक महिना आला की सगळं ऑक्टोबरात ढकललं जातं आणि तिथे थंडी सुरू होते. पुढच्या वर्षी जमतंय.

अमावास्येचा दुसरा उपयोग हानलेला. पँगाँग मी माझ्या आराखड्यातून काढलाय, निषेध नंतर नोंदवा. त्याऐवजी हानले. ४,३०० मीटरच्या आसपासचं गाव, त्याच्या वरच्या टेकडीवर भारतीय खगोलीय वेधशाळा. तिथली दोन मीटर आरशाची दुर्बीण बंगळूरुजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या जोडणीवरून चालवतात. मला हे ऐकून जो आनंद झाला तो तुम्हाला होणार नाही, पण आकाश बघून होईल. २०२२ पासून तो भाग गडद आकाशाचं राखीव क्षेत्र आहे, गावातले दिवेसुद्धा झाकलेले. अमावास्येच्या आधीचे दोन-तीन दिवस चंद्र पहाटेच उगवतो. रात्रभर आकाशगंगा. आणि हानलेला उंचीचा त्रास झालाच, तर लेहपर्यंतचा रस्ता सिंधूच्या काठाकाठाने उतरत जातो. मध्ये चांग ला नाही. मी आता कुठलंही ठिकाण निवडताना आधी परतीचा रस्ता बघते.

९ सप्टेंबरला श्रीनगर, १० ला सोनमर्ग, ११ ला कारगिल, १२ ला अल्ची, १३ आणि १४ लेहला, त्यातला एक दिवस काहीही न करता. १५, १६ नुब्रा, १७ पुन्हा लेह, १८ ला चुमाथांगच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, १९ ला हानले. ज्यांना डॉक्टरांनी किंवा स्वतःच्या डोक्याने नको म्हटलं ते १८-१९ लेहमध्येच राहतील, सफरचंद खातील. २० ला लेह, २१ ला विमानाने घरी. तेरा दिवस. सातचे तेरा झाले, खर्च वाढला, रजा वाढली, मला कळतंय. पण मुलं बरोबर नाहीत म्हणजे सुट्टीचा प्रश्न नाही, आणि आपल्यापैकी निम्मे आता स्वतःच दुसऱ्यांच्या रजा मंजूर करतात.

बाहेरच्या टेबलावर फॉर्म ठेवलेत. संक्रांतीपर्यंत भरून द्या. नाव, रक्तगट, चालू औषधं, डॉक्टरांना विचारलं का, आणि घरी म्हाळ कधी. शेवटच्या रकान्यात नाही म्हणायचीही सोय आहे. मे महिनाच हवा असं बहुमत राहिलं तर तुम्ही मे महिन्यात जा. मी येणार नाही. विमानतळावर सोडायला मात्र येईन, आणि तुम्ही परत येईपर्यंत फोन उशाशी ठेवून झोपेन.